सिग्नल आणि बसप्राधान्यासाठी नवं तंत्रज्ञान निविदेतून कसं मिळवायचं?

चौकस

मंडळी, असं धरा की एका शहराच्या वाहतूक प्राधिकरणाकडे १२० सिग्नलचे चौक आणि ३५० बस आहेत. दिवे चालवणारे कंट्रोलर तीन पिढ्यांचे. निम्म्याहून जास्त चौक अजून ठरावीक वेळेवर चालतात, गर्दी असो वा नसो. हवंय ते असं: रहदारी पाहून स्वतः वेळ बदलणारे सिग्नल, उशीर झालेल्या बसला चौकात प्राधान्य, आणि बस कुठे आहे ही माहिती प्रवाशांपर्यंत.

नेहमीच्या पद्धतीत दोनशे पानांचं तपशीलपत्रक तयार होतं. प्रत्येक मार्गिकेखाली गाडी ओळखणारे तारेचे लूप किती, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, सर्व्हरला रॅम किती, सगळं त्यात आधीच ठरलेलं. मग सर्वांत कमी दर देणारा काम घेतो आणि हाती येते ती तपशीलपत्रक लिहिलं त्या वर्षीची यंत्रणा, बसवून होईपर्यंत आणखी दोनतीन वर्षं शिळी. याउलट ‘नावीन्यपूर्ण उपाय सुचवा’ एवढंच लिहिलं तर पाच जण पाच दिशांचे प्रस्ताव आणतात आणि त्यांची तुलना कशी करायची ते कुणालाच कळत नाही.

निविदेत नेमकं काय लिहायचं? कुठल्या खरेदीपद्धतीने जायचं? अनुभवाच्या अटीमुळे नव्या कंपन्या दारातच अडतात, त्याचं काय? आणि चाचणी यशस्वी होऊनही पुढे काहीच होत नाही, हे कसं टाळायचं?

निविदानंद

पद्धत शेवटी ठरते, आधी नाही. आधी हे शोधायचं की हवी ती वस्तू बाजारात आहे का, आणि असेल तर कुठपर्यंत तयार आहे. त्यासाठी निविदेपूर्वी बाजाराशी बोलावं लागतं. बरेच अधिकारी याला घाबरतात, कारण ‘पुरवठादाराशी बोललो’ म्हणजे आक्षेप येणार असं वाटतं. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात, म्हणजे २०१४/२४ मध्ये, कलम ४० याला उघड परवानगी देतं. कलम ४१ म्हणतं की आधी बोललेल्यांना जे कळलं ते बाकीच्यांनाही कळवा आणि निविदा भरायला पुरेसा वेळ द्या. म्हणजे बोलायला हरकत नाही, कानात बोलायला आहे.

करायचं असं: चारसहा पानांची गरज-टिपणी सर्वांसाठी प्रसिद्ध करा. त्यात उपाय सुचवू नका, फक्त अडचण, चौकांची यादी, आजचे कंट्रोलर आणि त्यांचे इंटरफेस, आज उपलब्ध असलेली मोजणी. सहाआठ आठवडे द्या. सगळ्यांना एकच प्रश्नावली: यातलं काय आज विकता, किती चौकांवर चालू आहे, कुठल्या परिस्थितीत बिघडतं, आमच्या जुन्या कंट्रोलरशी जोडायला काय लागेल, आणि कुठल्या जोखमीसाठी तुम्ही दर वाढवाल? शेवटचा प्रश्न विसरू नका. पुरवठादार कुठल्या कलमाला घाबरून दर चढवतो ते निविदेआधी कळलं, तर ते कलम सुधारता येतं. नंतर कळलं तर त्याचे पैसे मोजावे लागतात.

यातून तीनपैकी एक चित्र दिसेल.

वस्तू तयार आहे आणि अनेक जण विकतात: साधी निविदा चालेल, फक्त तपशील यंत्राचे न लिहिता कामगिरीचे लिहा.

वस्तू आहे, पण तुमच्या परिस्थितीत कुणी चालवलेली नाही: वाटाघाटीची स्पर्धात्मक पद्धत किंवा स्पर्धात्मक संवाद. पहिला प्रस्ताव, त्यावर सगळ्यांशी स्वतंत्र चर्चा, मग अंतिम प्रस्ताव.

वस्तूच नाही, संशोधन लागणार: व्यापारपूर्व खरेदी, म्हणजे पीसीपी. हिची चौकट युरोपीय आयोगाच्या डिसेंबर २००७ च्या निवेदनातली. एकच गरज अनेक कंपन्यांना एकाच वेळी देतात आणि टप्पे तीन असतात: आराखडा, नमुना, प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी. प्रत्येक टप्प्याला मूल्यमापन होतं आणि काही जण गळतात. तिसऱ्या टप्प्यात किमान दोघे उरावेत, नाहीतर स्पर्धा संपली. बौद्धिक संपदा कंपनीकडे राहते, खरेदीदाराला वापराचा मोफत परवाना आणि तिसऱ्याला परवाना द्यायला लावण्याचा हक्क मिळतो. ही वाटणी दानधर्म म्हणून नाही. संशोधनसेवेचे फायदे फक्त खरेदीदाराला आणि पैसेही सगळे त्याचेच, असं असेल तर नेहमीचे खरेदीनियम लागू होतात. फायदे वाटून घेतले तर सूट मिळते. कंपनीही तो माल पुढे इतरांना विकायच्या आशेवर तुम्हाला कमी दर देते.

पीसीपीत मोठ्या प्रमाणावरची खरेदी येत नाही, ती नंतर वेगळ्या निविदेने करायची. हे न समजल्याने अनेकांची फसगत होते. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी कराराचं कलम १३ सुद्धा नमुना किंवा पहिली वस्तू मर्यादित निविदेने घ्यायला मुभा देतं, पण त्याच आधारावर संशोधनाचा खर्च भरून काढायला घाऊक उत्पादन घेऊ देत नाही.

संशोधन आणि खरेदी एकाच करारात हवी असेल तर त्याच २०१४ च्या निर्देशाच्या कलम ३१ मधली ‘नावीन्य भागीदारी’ आहे. कामगिरीची पातळी आणि कमाल खर्च आधी ठरवायचा, दोन्ही साधलं तर थेट खरेदी. सोयीची आहे खरी. पण कराराच्या काळात इतरांसाठी दार बंद राहतं, म्हणून भागीदार दोनतीन ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला करार थांबवायचा हक्क राखा.

तुमच्या उदाहरणात तिन्ही गोष्टी एका पिशवीत घातल्या आहेत. प्रवासी माहिती तयार मालात मोडते, अनुकूली सिग्नल बहुतांशी तयार, आणि तीन पिढ्यांच्या कंट्रोलरवर बसप्राधान्य ही खरी अवघड जागा. वेगळं करा. नेदरलँड्सच्या आणि इंग्लंडच्या महामार्ग यंत्रणांनी मिळून चार्म नावाची पीसीपी केली, तिच्यातही वाहतूक नियंत्रणाची गरज तीन स्वतंत्र आव्हानांत विभागली होती: जाळ्याचं व्यवस्थापन, घटनांचा अंदाज व शोध, आणि वाहन-रस्ता संवाद. एकाच कंपनीने तिन्हीत हुशार असावं ही अपेक्षा ठेवली की मोठ्या कंत्राटदाराशिवाय कुणी उरत नाही.

हिरवावेळ

पद्धत कुठलीही घ्या, मोजमाप नीट नसेल तर सगळं व्यर्थ. ‘प्रवासाचा वेळ १५ टक्क्यांनी कमी’ असं लिहून मोकळे होतात. कुणाचा वेळ? कुठे? कधीच्या तुलनेत?

कामगिरीचे तपशील लिहिताना एकमेकांना धरून ठेवणारी मापं एकत्र लिहावी लागतात. मुख्य रस्त्यावरचा मध्यक प्रवासवेळ आणि ९५ वा शततमक (शंभरातले ९५ प्रवास ज्याच्या आत होतात तो वेळ), दोन्ही. बसचा सिग्नलवरचा थांबा सेकंदांत. आडरस्त्यावरची कमाल रांग. पादचाऱ्याला लागणारा कमाल थांबा, समजा ९० सेकंद. यातलं फक्त पहिलं लिहिलंत तर पुरवठादार आडरस्ता आणि पादचारी उपाशी ठेवून तो आकडा आरामात गाठेल, आणि त्यात तो कराराबाहेर काहीही करत नसेल. ओलांडण्याचा वेळ तर अदलाबदलीत येऊच नये: १२ मीटर रुंद रस्ता, चाल सेकंदाला १.२ मीटर, म्हणजे १० सेकंद मोकळे ठेवायचेच. बस कितीही उशिरा असो.

पायामापन, म्हणजे आजच्या स्थितीची मोजणी, निविदेच्या आधी आणि स्वतः करा. किमान चार आठवडे, सुट्ट्या आणि रस्त्यांची कामं वगळून. पण निव्वळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना फसवी असते, कारण मधल्या सहा महिन्यांत रहदारीच बदललेली असते. त्यापेक्षा आलटून पालटून चालवा: एक आठवडा नवी यंत्रणा, एक आठवडा जुनं वेळापत्रक, असं आठ आठवडे. बदलानंतरचे पहिले एकदोन दिवस मोजणीतून काढून टाका. जुनं वेळापत्रक मात्र नुकतंच सुधारलेलं असावं. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या वेळांशी तुलना केली तर कुठलीही यंत्रणा हुशार दिसते. नुसते वेळ सुधारून जे मिळालं असतं त्याचे पैसे तुम्ही नव्या यंत्रणेला देता.

स्टॉकहोमच्या गर्दी-शुल्काची चाचणी ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ अशी शेवटच्या तारखेसकट ठरवलेली होती. शहरात येणारी-जाणारी रहदारी साधारण पाचव्या हिश्शाने घटली, आणि चाचणी थांबल्यावर परत वाढली. ही दुसरी गोष्ट हाती आली ती यंत्रणा खरोखर बंद केली म्हणून. बंद करून पाहिल्याशिवाय तिने काय केलं हे ठामपणे सांगता येत नाही.

आता बसप्राधान्य कुठे फसतं ते. बसचं ठिकाण दर २० सेकंदांनी कळवणारी यंत्रणा प्रवाशांच्या फलकाला पुरते, सिग्नलला नाही. ताशी ३० किलोमीटर वेगाने बस सेकंदाला ८.३ मीटर जाते, म्हणजे २० सेकंदांत साधारण १६७ मीटर. तेवढ्यात ती चौक ओलांडूनही गेलेली असते आणि हिरवा दिवा रिकाम्या रस्त्यासाठी लांबवला जातो. दर सेकंदाची नोंद हवी किंवा बसमधल्याच यंत्राने ठरावीक रेषा ओलांडताना ‘आलो’ आणि ‘गेलो’ असे संदेश द्यावेत. ‘गेलो’ हा संदेश विसरला जातो. तो नसेल तर लांबवलेला वेळ पूर्ण संपेपर्यंत तसाच चालू राहतो.

दुसरा घोळ चौकाच्या अलीकडे असलेल्या थांब्याचा. बस प्राधान्य मागते, मग थांब्यावर प्रवासी घेत उभी राहते, १० सेकंदांचा जादा हिरवा वाया जातो, आणि दारं मिटेपर्यंत लाल लागलेला असतो. उपाय दोन: मागणी दार बंद होण्याला जोडा किंवा थांबा चौकाच्या पलीकडे न्या. दुसरा स्वस्त आहे आणि त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, म्हणून कुठल्याच विक्रेत्याच्या सादरीकरणात तो दिसत नाही. निविदेत ‘थांब्याची जागा बदलण्याचा प्रस्तावही ग्राह्य’ असं एक वाक्य घाला.

अनुकूली सिग्नलचा नेहमीचा रोग संवेदकात असतो. स्टॉपलाइनवरचा लूप गर्दी ठप्प झाली की कमी गाड्या मोजतो, कारण गाड्या हलतच नाहीत. कच्चा अल्गोरिदम त्याला ‘मागणी कमी’ समजतो आणि हिरवा आणखी कापतो. म्हणून स्वीकृती-चाचणीत कोंडलेल्या चौकाची स्थिती सक्तीने घाला, सोबत एक संवेदक मुद्दाम बंद करून पाहणं आणि दळणवळण तुटल्यावर चौक स्थानिक वेळापत्रकावर किती वेळात जातो ते पाहणं.

आणि मोजणारा पुरवठादार नसावा. त्याच्याच संवेदकांवर त्याचे पैसे ठरणार असतील तर त्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? मोजणीचं छोटं कंत्राट वेगळं काढा. ब्लूटूथ स्कॅनरवर विसंबू नका. आजचे फोन आपला पत्ता वरचेवर बदलतात, त्यामुळे तोच फोन दोन ठिकाणी ओळखू येत नाही आणि नमुना आक्रसतो. बसच्या स्वतःच्या नोंदी आणि नंबरप्लेट वाचणारे तात्पुरते कॅमेरे, नोंदी लगेच मिटवण्याच्या अटीसह, बरे पडतात.

निविदानंद

मोजमापाचं पटलं. पण निकाल गुणांकनावर लागतो आणि तिथे एक गणिती सापळा आहे, तोही सांगतो.

दराचे गुण देण्याचं नेहमीचं सूत्र: सर्वांत कमी दर भागिले तुमचा दर, गुणिले कमाल गुण. दराला ४० आणि दर्जाला ६० गुण धरा. ‘अ’ चा दर ६०, ‘ब’ चा १००. ‘अ’ ला ४० गुण, ‘ब’ ला २४. फरक १६. ‘ब’ चा दर्जा १२ गुणांनी सरस असला तरी ‘अ’ जिंकतो. आता कुणी ‘क’ कच्च्या प्रस्तावासह ४० चा दर टाकतो. ‘अ’ चे २६.६७ होतात, ‘ब’ चे १६. फरक १०.६७ वर येतो, आणि त्याच १२ गुणांच्या जोरावर ‘ब’ जिंकतो. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्या कागदात अक्षरही बदललेलं नाही. जो स्वतः जिंकणार नाही तो कोण जिंकेल हे ठरवून गेला.

यातून सुटायचे मार्ग आहेत. दराची तुलना आपण आधी जाहीर केलेल्या संदर्भ दराशी करा. किंवा बजेट ठरवून सांगून टाका आणि स्पर्धा फक्त ‘त्या पैशांत काय देता’ यावर लावा. संशोधन जास्त असेल तिथे मी दुसरा घेईन. शिवाय दर्जाला किमान गुणांची पायरी ठेवा, म्हणजे ‘क’ दराच्या पाकिटापर्यंत पोचतच नाही. आणि दर म्हणजे दहा वर्षांचा: परवाने, दळणवळण, संवेदकांची सफाई नि कॅलिब्रेशन, सुरक्षा-अद्यतनं, वाढीव चौकाचा दर. यंत्र फुकट आणि वार्षिक परवाना जबर, हा जुना डाव आहे.

दर्जाचे गुण निबंधावर देऊ नका. सगळ्यांना तुमच्याच पाच चौकांचं सिम्युलेशन-मॉडेल आणि तीच रहदारीची फाइल द्या. खरा कंट्रोलर जोडून दोन दिवस तुमच्यासमोर चालवू द्या. एक फाइल आधी दाखवलेली, एक न दाखवलेली. दुसऱ्या फाइलवर बोलबच्चन गळून पडतात.

अनुभवाच्या अटीबद्दल: ‘अशी पाच कामं पूर्ण’ असं लिहिलंत तर नवं तंत्र मिळणारच नाही, कारण नवं म्हणजे जे पाच ठिकाणी अजून झालेलं नाही ते. त्याऐवजी नेमलेल्या माणसांची पात्रता, प्रात्यक्षिक आणि भागीदारीत बोली लावायची मुभा. उलाढालीची अट २०१४ च्या निर्देशाने कंत्राटाच्या अंदाजित किमतीच्या दुपटीवर रोखली आहे. इतरत्रही ही मर्यादा पाळायला काहीच हरकत नाही. छोट्या कंपन्या अटींपेक्षा रोखीने मरतात. टप्प्याच्या सुरुवातीला आगाऊ रक्कम, तीस दिवसांत बिल आणि टप्प्यापुरतीच हमी.

चौकस

पैसे थेट निकालाला बांधले तर? उशीर कमी झाला नाही तर दमडी नाही. जोखीम पूर्ण त्यांच्यावर.

हिरवावेळ

पूर्ण बांधलंत तर दोनपैकी एक होईल. शहाणे बोली लावणार नाहीत आणि उरलेले जोखमीचा दर चढवतील. रहदारी पुरवठादाराच्या हातात नसते. शेजारी पूल बंद झाला तर त्याचा अल्गोरिदम काय करणार? साधारण ६० टक्के टप्प्यांवर, २५ टक्के उपलब्धतेवर आणि १५ टक्के निकालावर, अशा बेताची विभागणी चालते. कुठले दिवस निकालात धरायचे नाहीत हेही आधी लिहा: रस्त्याची कामं, मोठे कार्यक्रम, अपघाताने बंद झालेली मार्गिका.

उपलब्धतेचं कलम नीट वाचा. ९९.५ टक्के छान दिसतं, वर्षात फक्त ४४ तास बंद. पण ती सरासरी सगळ्या १२० चौकांची मिळून असेल तर? अर्धा टक्का गुणिले १२० म्हणजे ०.६ चौक-वर्ष. बाकी सगळं धडधाकट असताना एकच चौक सलग २१९ दिवस मेलेला राहू शकतो आणि कराराप्रमाणे पुरवठादार उत्तीर्ण. आकडा प्रत्येक चौकाला वेगळा, आणि गर्दीच्या तासांना वेगळं वजन. ‘बंद’ याची व्याख्याही हवी. दिवे लागत असले पण चौक जुन्या वेळापत्रकावर घसरला असेल, तर अनुकूली यंत्रणा बंदच धरली पाहिजे.

प्रोटोकॉलपंत

इथपर्यंत कुणी जोडणीबद्दल बोललं नाही, आणि पुढची पंधरा वर्षं बांधून टाकणारी गोष्ट तीच आहे. निविदेत ‘खुला एपीआय (इतर सॉफ्टवेअरला जोडायचा दुवा) असावा’ लिहिणं म्हणजे ‘चांगली माणसं पाठवा’ लिहिण्यासारखं. मानकाचं नाव, आवृत्ती, प्रोफाइल (त्यातले कुठले ऐच्छिक भाग घ्यायचे) आणि तपासणीची पद्धत लिहा. कंट्रोलर आणि केंद्रामध्ये एनटीसीआयपी किंवा ओसिट. केंद्रांमधल्या देवाणघेवाणीला डेटेक्स २. बसच्या प्रत्यक्ष वेळांना सिरी, प्रवासी ॲपसाठी जीटीएफएस रिअलटाइम. वाहनाशी बोलायचं तर चौकाची रचना सांगणारा मॅप संदेश आणि दिव्यांची स्थिती सांगणारा स्पॅट. मानक पाळलं असं दोघेही म्हणतात आणि तरी एकमेकांशी बोलत नाहीत, कारण प्रत्येकाने ऐच्छिक भाग वेगळे उचललेले असतात. म्हणून स्वीकृती-चाचणी दुसऱ्याच कंपनीच्या उपकरणासोबत घ्या. आपल्याच दोन डब्यांचं आपसात जुळलं, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

माहिती कुणाची, याला ‘माहिती प्राधिकरणाची’ हे एक वाक्य पुरत नाही. कच्च्या नोंदी, त्यावरून काढलेली माहिती, चौकांची कॉन्फिगरेशन आणि प्रशिक्षित मॉडेलचे मापदंड या चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. दोन वर्षं खपून बारीक जुळवलेल्या १२० चौकांच्या सेटिंग पुरवठादाराच्या बंद फाइलमध्ये अडकल्या, तर पुढच्या निविदेत त्याला कुणीच हरवू शकत नाही. कोऱ्या स्थितीतून परत उभं करायचा खर्च फक्त इतरांना असतो. वाचता येईल अशा स्वरूपात दर तीन महिन्यांनी निर्यात, आणि ती पहिल्या वर्षीच एकदा दुसऱ्या यंत्रणेत भरून पाहायची.

लंडनच्या बस-रेल्वे भाड्याच्या ऑयस्टर कार्डाचा करार १९९८ चा, कार्ड चालू झालं २००३ मध्ये. करार लांबलचक होता, पण मध्येच बाहेर पडायचं कलम होतं. ते वापरून २०१० मध्ये लंडनच्या वाहतूक संस्थेने तो संपवला. ऑयस्टर या नावाचे हक्कसुद्धा वेगळी बोलणी करून मिळवावे लागले, इतकं काय काय कंत्राटदाराकडे जाऊन बसतं. पुढे बँकेच्या संपर्करहित कार्डाने डिसेंबर २०१२ मध्ये बसमध्ये आणि सप्टेंबर २०१४ मध्ये भुयारी रेल्वेत भाडं घ्यायला सुरुवात झाली. जुन्या कराराची पूर्ण मुदत भरायची असती तर हा बदल इतका मोकळेपणाने करता आला असता असं मला वाटत नाही. बाहेर पडायचं कलम सातव्या-आठव्या वर्षाला ठेवा, सोबत सहा महिन्यांचं हस्तांतर आणि त्याचा आजच ठरलेला दर. पुरवठादार बुडाला तर सोर्स कोड तिसऱ्याकडे ठेवलेला असावा. तो बांधून चालतो का हे वर्षातून एकदा पाहिलं नाही, तर ती नुसती कुलूपबंद पेटी.

जुनी यंत्रणा लवकर मोडू नका, हे जर्मनीचं उदाहरण देऊन सांगतो. १२ टन आणि त्याहून जड ट्रकांसाठी उपग्रहावर चालणारी टोलयंत्रणा ३१ ऑगस्ट २००३ ला सुरू व्हायची होती. आधीचं मुदतीवर आधारलेलं शुल्क त्याच सुमारास बंद केलं. नवी यंत्रणा चालू झाली ती १ जानेवारी २००५ ला. मधले सोळा महिने ना जुनं शुल्क ना नवा टोल, आणि सरकार-कंत्राटदारांमधला वाद २०१८ मध्ये ३.२ अब्ज युरोंच्या तडजोडीने मिटला. जगात कुणी न केलेलं, देशभर, एकाच दिवशी आणि परतीची वाट न ठेवता. एवढ्या चार गोष्टी एकत्र आल्यावर आणखी काय होणार होतं?

मनुष्यतास

चाचणी झाली आणि विषय संपला, याबद्दल थोडं.

याचं मूळ चाचणीच्या आखणीत असतं. सोपा, रुंद, नव्या कंट्रोलरचा रस्ता निवडतात. तीन चौक घेतात, आणि पुरवठादाराचे दोन अभियंते महिनाभर तिथेच तळ ठोकून बसतात. निकाल उत्तम. मग १२० चौकांचा हिशेब मांडला की कळतं, प्रत्येक चौकाला तेवढेच अभियंते लागतील. म्हणून चाचणीत मोजायचा एक आकडा सक्तीचा करा: एक चौक उभा करायला किती मनुष्यतास लागले आणि महिन्याला तो ताळ्यावर ठेवायला किती. दहाव्या चौकाला पहिल्यापेक्षा कमी तास लागत नसतील तर यंत्रणा शिकत नाहीये, माणसं राबताहेत.

चाचणीला आठदहा चौक घ्या आणि ते मुद्दाम वाईट घ्या. सगळ्यात जुना कंट्रोलर, दळणवळण तुटणारा चौक, पादचाऱ्यांची झुंबड असलेला, आणि चौकाअलीकडे बसथांबा असलेला. तिन्ही पिढ्या आल्या पाहिजेत.

दुसरं, निर्णयाचा उंबरठा आणि पैसा, दोन्ही आधी. मूळ करारातच पर्यायी प्रमाण लिहा: १० चौक पक्के, मग ३०, मग ८०, प्रत्येक टप्प्याचा दर आजच ठरलेला. कुठला आकडा साधला तर पुढचा टप्पा आपोआप, कुठल्या पट्ट्यात चर्चा, आणि कुठल्याखाली थांबायचं, हे लेखी. पुढच्या टप्प्याची तरतूद चाचणी सुरू होताना अंदाजपत्रकात नसेल तर चाचणी करूच नका. चाचणी संपून तरतूद मंजूर होईपर्यंत वर्ष जातं, पुरवठादाराची माणसं दुसऱ्या कामाला लागतात, आणि मागणीच्या आशेने कमी घेतलेला दर तो पुढच्या वेळी वसूल करतो.

ग्राहक म्हणून खरोखर मोठी मागणी समोर ठेवली की काय होतं याचं चांगलं उदाहरण रस्त्यावरचं नाही, पाण्यातलं आहे. नॉर्वेच्या रस्ते प्रशासनाने पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या फेरीबोटीसाठी विकास-स्पर्धा लावली आणि जिंकणाऱ्याला मार्ग चालवायचा करारच देऊ केला. त्यातून २०१५ मध्ये लाविक ते ओप्पेदाल मार्गावर ॲम्पेअर ही बॅटरीवरची कारफेरी सुरू झाली. किनाऱ्यावरची वीजवाहिनी कमकुवत होती, म्हणून दोन्ही धक्क्यांवरही बॅटऱ्या बसवल्या: त्या सावकाश भरतात आणि फेरी लागली की पटकन देतात. ‘इतक्या क्षमतेची वीजजोडणी पुरवा’ असं तपशीलपत्रकात लिहिलेलं असतं तर धक्क्यावर बॅटरी ठेवायचं कुणाला सुचायचं कारण नव्हतं.

चौकस

खूपच कामाचं. एकच शंका राहिली: यासाठी प्राधिकरणाकडे स्वतःची माणसं किती लागतील? सल्लागारावर भागेल का?

मनुष्यतास

निविदा लिहायला सल्लागार चालेल, चालवायला नाही. १२० चौकांना पूर्ण वेळ दोन सिग्नल अभियंते आणि नोंदी तपासणारा एक विश्लेषक, तिघेही पगारावर आणि मूल्यमापन समितीतही. सल्लागाराची अट एकच: ज्याने गरज-टिपणी लिहिली त्याला किंवा त्याच्या संलग्न कंपनीला पुढे बोली लावता येणार नाही.

प्रोटोकॉलपंत

त्या दोघांपैकी एकाच्या कामाच्या यादीत मॅप फाइल लिहून ठेवा. रस्त्यावर पट्टे नव्याने मारले, उजवीकडे वळायची मार्गिका बदलली, की चौकाच्या रचनेची फाइल त्याच दिवशी बदलायला हवी. पट्टे मारणारा विभाग वेगळा, सिग्नलचा वेगळा, आणि फाइल पुरवठादाराकडे. मग बस चुकीच्या मार्गिकेसाठी हिरवा मागत राहते आणि महिनोन्महिने सगळे संवेदकाला दोष देतात. पट्ट्यांच्या कामाच्या पूर्तता-दाखल्यावर ‘मॅप फाइल अद्ययावत केली’ असा रकाना घाला आणि तो भरल्याशिवाय बिल काढू नका.